विद्यार्थ्यांची लबाडी आणि प्राध्यापकांचे कर्तव्य

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात सभासद व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणासंबंधी काहीतरी बोला, विषय तुम्हीच ठरवा, असे संस्थेने आम्हांला कळवले होते. शिक्षण घ्या, हे या व्यासपीठावरून दरवर्षी सांगितले जाते आणि ते आपल्या लोकांना केव्हाच पटलेले आहे. पोटाला चिमटा काढून मुलांना महाविद्यालयात पाठवणाऱ्या आयाबाया समोर बसलेल्या असताना शिक्षणाचे महत्त्व आम्ही त्यांना काय सांगावे? म्हणून थोडा अवघड विषय घेतला आहे. विद्यार्थी परीक्षेत कॉपी करतात, मित्राचे जर्नल उतरवून देतात, विकत आणलेला प्रकल्प स्वतःचा म्हणून सादर करतात, प्रबंधात दुसऱ्याची पानेच्या पाने नाव न घेता घालतात. अशा वेळी विद्यापीठातील व महाविद्यालयातील प्राध्यापकांनी काय करावे, हा आजचा विषय आहे.

हा प्रश्न प्राध्यापकांचा आहे, तो त्यांच्या सभेत मांडा, असे कोणी म्हणेल. परंतु प्राध्यापक चुकीचे वागले तर त्याचे परिणाम ज्यांना भोगावे लागतात ती मुले आणि त्यांचे पालक येथे बसले आहेत. प्राध्यापकाकडून काय अपेक्षा करायची आणि कोणती अपेक्षा करायची नाही, हे त्यांनाही माहीत असले पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. कॉपी करणाऱ्याकडे काणाडोळा करणारा प्राध्यापक दयाळू असतो, असे पुष्कळांना वाटते. "गरिबाचं पोर आहे, जाऊ द्या", हे वाक्य आम्ही शिक्षकांच्या खोलीत कितीतरी वेळा ऐकले आहे. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण या दयेची किंमत कोण मोजतो ते पाहिले पाहिजे. ज्याच्या घरी जमीन आहे, दुकान आहे, मामा-काका मोठ्या हुद्द्यावर आहेत, त्याचे पदवीवाचून फारसे अडत नाही. आपल्या मुलाजवळ मात्र पदवीशिवाय दुसरे भांडवल नसते. एखाद्या महाविद्यालयात सगळेच कॉपी करून पास होतात असे एकदा पसरले, की मुलाखत घेणारा त्या महाविद्यालयाच्या गुणपत्रिकेवर विश्वास ठेवीत नाही. मग तो ओळख पाहतो, आडनाव पाहतो, इंग्रजी बोलण्याची ढब पाहतो. रात्ररात्र जागून प्रामाणिकपणे साठ टक्के मिळवणारी मुलगी तेथेच मागे पडते. म्हणजे ज्याला सोडले त्याचे भले झाले की नाही ते पुढे कळेल, पण जिने कॉपी केली नाही तिचे नुकसान मात्र त्याच दिवशी झाले. काणाडोळा हा तिच्यावरचा अन्याय आहे.

आता दुसरी बाजू. काही प्राध्यापक शिस्तीच्या नावाखाली संतापाने वागतात. विद्यार्थ्याला वर्गासमोर उभे करून अपमान करणे, उत्तरपत्रिका फाडणे, कानाखाली वाजवणे, "तुझं करिअर संपवतो" अशी धमकी देणे, असे प्रकार घडतात. याची किंमतही पुन्हा तीच मुले मोजतात. सधन घरातल्या मुलाचे एक वर्ष गेले तर तो दुसरीकडे प्रवेश घेईल, वकील उभा करील. आपल्या मुलाचे वर्ष गेले तर शिष्यवृत्तीचे नूतनीकरण अडचणीत येते, वसतिगृहातील जागा जाण्याची भीती असते, आणि मुलगी असेल तर घरचे लग्नाचा विषय काढतात. शिक्षा कागदावर दोघांना सारखी दिसते, पण तिचे ओझे सारखे नसते.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. प्राध्यापकाने दुर्लक्ष करू नये आणि रागाच्या भरात शिक्षाही करू नये. त्याने नियमाने चालावे, विद्यार्थ्याचे ऐकून घ्यावे, अपराधाच्या मानाने शिक्षा द्यावी आणि शिक्षेनंतर परत येण्याची वाट मोकळी ठेवावी. दुबळ्या माणसाला मेहेरबानीपेक्षा नियमाचा आधार अधिक असतो. मेहेरबानी आज आहे, उद्या नाही. नियम लिहिलेला असतो आणि तो दाखवता येतो.

हे प्रत्यक्षात कसे करावे, ते तीन ठिकाणे वेगळी करून पाहू. पहिले परीक्षेचा वर्ग, दुसरे वर्षभराचे लेखी काम आणि तिसरे प्रबंध व संशोधन. तिन्हींचे नियम वेगळे आहेत. पुष्कळ प्राध्यापकांचा गोंधळ होतो तो तिन्हींना एकच मापाने मोजल्यामुळे.

परीक्षेच्या वर्गापासून सुरुवात करू. परीक्षेतील गैरप्रकारांविषयी महाराष्ट्रात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. विद्यापीठांपुरते पाहिले तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याच्या कलम ४८ मध्ये अशा प्रकरणांच्या चौकशीची तरतूद आहे. विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाने त्यासाठी जास्तीत जास्त पाच जणांची समिती नेमायची असते. काही विद्यापीठांत तिला परीक्षा प्रमाद समिती म्हणतात. या तरतुदीत विद्यार्थ्यांबरोबर प्रश्नपत्रिका काढणारे, परीक्षक आणि शिक्षक यांचे गैरप्रकारही येतात, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याचा अर्थ असा, की वर्गावर देखरेख करणारा पर्यवेक्षक हा न्यायाधीश नव्हे. त्याचे काम पाहिले ते नोंदवण्याचे आहे. चिठ्ठी सापडली तर ती ताब्यात घ्यावी, उत्तरपत्रिकेला जोडावी, वेळ लिहावी, वरिष्ठ पर्यवेक्षकाला बोलवावे, विद्यार्थ्याचे लेखी निवेदन घ्यावे. ते निवेदन विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शब्दांत असावे, दुसऱ्याने सांगून लिहवून घेतलेले नसावे. अनेक विद्यापीठांच्या नियमांत अशा विद्यार्थ्याला दुसरी उत्तरपत्रिका देऊन उरलेला पेपर लिहू द्यावा असे सांगितले आहे. कारण उघड आहे. उद्या चौकशीत तो निर्दोष ठरला, तर गेलेले दोन तास त्याला कोण परत देणार? मुलीची झडती घ्यायची वेळ आली तर ती स्त्री पर्यवेक्षकानेच आणि सर्वांच्या नजरेआड घ्यावी. अंगावर हात टाकण्याचा अधिकार कोणालाच नाही.

ऐकून घेण्याचा हा नियम म्हणजे प्राध्यापकांच्या मनाचा मोठेपणा नव्हे. ते कायद्याचे बंधन आहे. उत्तर प्रदेशातील तीन विद्यार्थ्यांचा इंटरमिजिएटचा निकाल गैरमार्गाच्या आरोपावरून परीक्षा मंडळाने रद्द केला होता आणि त्यापूर्वी त्यांना बाजू मांडण्याची संधी दिली नव्हती. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशा प्रकरणात मंडळाने न्यायाधीशासारखे वागले पाहिजे आणि विद्यार्थ्याला आपले म्हणणे मांडू दिले पाहिजे. पुढे १९७० साली बिहारमधील एका केंद्राचे प्रकरण न्यायालयापुढे आले. तेथे संपूर्ण केंद्राची परीक्षाच रद्द करण्यात आली होती. त्या वेळी न्यायालयाने सांगितले, की परीक्षाच दूषित झाली असेल तर ती पुन्हा घेण्यासाठी प्रत्येकाला वेगळे बोलावून विचारण्याची गरज नाही. हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहा. एका व्यक्तीवर ठपका ठेवायचा असेल तर तिला ऐकलेच पाहिजे. कोणावरही ठपका न ठेवता सर्वांची परीक्षा पुन्हा घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी. विद्यार्थी मित्रहो, हे तुम्हांलाही पाठ असावे.

नुसत्या कडक कायद्याने काय होते, तेही उत्तर प्रदेशाने दाखवले आहे. १९९२ साली तेथील सरकारने वटहुकूम काढून बोर्डाच्या परीक्षेतील कॉपी हा अजामीनपात्र गुन्हा ठरवला. परीक्षार्थींना तुरुंगात जावे लागले. कॉपीला जरब बसली, उत्तीर्णांचे प्रमाण एकदम घसरले. परंतु सरकार बदलताच तो कायदा रद्द झाला. शाळेत शिकवले किती जाते हा मूळ प्रश्न होता तसाच राहिला. पोलिसाला पुढे केले की शिक्षक मोकळा होतो. आमच्या मते परीक्षार्थी मुलाच्या बाबतीत पोलीस हा अखेरचा उपाय असावा. पेपर फोडणाऱ्या आणि पैसे घेऊन डमी बसवणाऱ्या टोळ्यांची गोष्ट वेगळी. तेथे दयामाया नको.

आता दुसरे ठिकाण, वर्षभराचे लेखी काम. निबंध, जर्नल, प्रकल्प, चर्चासत्रातील टिपणे हे सारे यात येते. येथे समिती नसते, भरारी पथक नसते. प्राध्यापक आणि विद्यार्थी समोरासमोर असतात. सर्वांत जास्त लबाडी येथे होते आणि सर्वांत जास्त काणाडोळाही येथेच होतो. साठ जर्नले तपासायची, साठांतली चाळीस एकसारखी, आणि सगळ्यांवर लाल शाईची सही. ही सही करणारा प्राध्यापकही त्या लबाडीत सामील आहे, असे म्हणणे कठोर वाटले तरी खोटे नाही.

येथे प्राध्यापकाने काय करावे, ते आम्ही क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, लबाडी आणि अज्ञान वेगळे ओळखावे. आपल्याकडे बारावीपर्यंत मुलांना गाइडमधले उत्तर जसेच्या तसे लिहायला शिकवतात आणि त्यालाच पूर्ण गुण देतात. तोच मुलगा पदवीला आल्यावर पुस्तकातला परिच्छेद उतरवतो, तेव्हा आपण काही चोरी करतो आहोत हे त्याच्या गावीही नसते. दुसऱ्याचा मजकूर अवतरणचिन्हांत कसा द्यावा, लेखकाचे आणि पुस्तकाचे नाव कोठे लिहावे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. जे शिकवले नाही त्याबद्दल शिक्षा करणे न्यायाचे नाही. म्हणून प्रथम वर्षाच्या पहिल्या महिन्यातच दोन तास देऊन हे शिकवावे. एकदा शिकवल्यावर मात्र सबब ऐकू नये.

दुसरी गोष्ट, पुरावा नीट पाहावा. दोन मुलांची बरोबर उत्तरे सारखी असली तर त्यावरून काही सिद्ध होत नाही, कदाचित दोघांनी एकच गाइड पाठ केले असेल. पाठांतर ही अभ्यासाची चांगली पद्धत नाही, पण ती लबाडीही नाही. दोघांच्या चुका सारख्या असतील, एकाच जागी एकच आकडा चुकला असेल, एकाच शब्दात अक्षर गळले असेल, तर शंकेला जागा आहे. तरीही कोणी कोणाचे पाहिले ते ठरायचे असतेच. पुष्कळदा हुशार पण भिडस्त मुलाची वही दांडगट मित्राने ओढून नेलेली असते.

तिसरी गोष्ट, विद्यार्थ्याला एकट्याला बोलवावे आणि प्रश्न विचारावेत. "हा निबंध कसा लिहिलास? कोणती पुस्तके पाहिलीस? कच्चे टिपण आहे का? या वाक्याचा अर्थ सांग." दहा मिनिटांच्या अशा बोलण्यातून जे कळते ते कोणत्याही यंत्रातून कळत नाही. ज्याने स्वतः लिहिले आहे तो अडखळत का होईना, पण सांगतो. आवाज चढवण्याची गरज पडत नाही.

चौथी गोष्ट, शिक्षा ठरलेली आणि सर्वांना आधी माहीत असलेली असावी. पहिल्या वेळी ते काम रद्द करून नवे काम द्यावे आणि गुणांची मर्यादा घालावी. दुसऱ्या वेळी त्या कामाला शून्य गुण देऊन विभागप्रमुखांकडे नोंद करावी. तिसऱ्या वेळी प्राचार्यांकडे लेखी प्रकरण पाठवावे. असा काही क्रम विभागाने मिळून ठरवावा आणि सूचनाफलकावर लावावा. एक प्राध्यापक सोडून देतो आणि दुसरा वर्ष बुडवतो, असे एकाच विभागात होता कामा नये.

पाचवी गोष्ट, नोंद ठेवावी. काय सापडले, विद्यार्थी काय म्हणाला, काय ठरले, हे तारखेसह चार ओळींत लिहून दोघांनी सही करावी. यात प्राध्यापकाचेही संरक्षण आहे. उद्या कोणी म्हणाले की सरांनी आकसाने केले, तर कागद समोर ठेवता येतो.

तिसरे ठिकाण म्हणजे प्रबंध. येथे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम लागू आहेत. त्यांत मजकुराच्या साम्यावरून चार पातळ्या केल्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचे. चाळीस ते साठ टक्के असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंधही सादर करता येत नाही. साठच्या वर गेले तर नोंदणीच रद्द होते. आरोपाची चौकशी आधी विभागाची समिती करते, मग संस्थेची. समित्यांनी नैसर्गिक न्यायाचे तत्त्व पाळावे आणि पंचेचाळीस दिवसांत अहवाल द्यावा असेही त्यांत लिहिले आहे. विशेष म्हणजे निबंध, प्रकल्प अहवाल, उत्तरपत्रिका यांना हे विनियम लागू होत नाहीत. त्यामुळे पदवीच्या मुलाच्या निबंधावर "चाळीस टक्के आले, तुझी नोंदणी रद्द" असे म्हणता येत नाही.

टक्केवारीसंबंधी एक इशारा देणे जरूर आहे. यंत्र शब्दांचे साम्य मोजते, चोरी मोजत नाही. योग्य रीतीने अवतरण दिले असेल किंवा कायद्याचे कलम उद्धृत केले असेल, तर ते यंत्राला सारखे दिसणारच. विनियमांनी अशा गोष्टी मोजणीतून वगळल्या आहेत, पण वगळण्याचे काम माणसाने करायचे असते. याउलट एखाद्याने इंग्रजी ग्रंथातले प्रकरण मराठीत उतरवून स्वतःच्या नावावर घातले, तर यंत्र बहुधा गप्प बसते. ते ओळखायला मार्गदर्शकाने मूळ ग्रंथ वाचलेला असावा लागतो. तेव्हा अहवालाचा आकडा हा चौकशीचा आरंभ आहे, निकाल नव्हे.

प्रबंध पुन्हा लिहावा लागणे यात लाज नाही, हेही सांगितले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध लंडन विद्यापीठाला सादर केला, तेव्हा परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत केला होता. तेथे लबाडीचा प्रश्न नव्हता, मांडणीचा आक्षेप होता. त्यांनी तो पुन्हा लिहिला, आणि १९२३ साली त्यांना डी.एस्सी. मिळाली. एवढ्या विद्वानाला पुन्हा लिहावे लागले, तर आपल्या विद्यार्थ्याने सहा महिने अधिक खर्चण्यात कमीपणा कसला? मात्र प्राध्यापकानेही "पुन्हा लिही" हे शिक्षा म्हणून न सांगता शिकवण म्हणून सांगावे, आणि लिहिताना त्याच्या शेजारी बसावे.

आता अलीकडच्या अडचणीकडे वळतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि सांगाल त्या विषयावर मजकूर लिहून देणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये जाऊन बसले. हा मजकूर कोठून उतरवलेला नसल्याने साम्य मोजणाऱ्या यंत्राला तो सापडेलच असे नाही. मग यंत्राचा मजकूर ओळखणारी दुसरी यंत्रे निघाली. त्यांच्यावर किती विसंबावे? ज्या कंपनीने चॅटजीपीटी काढले, तिनेच ओळखण्याचे आपले साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी असल्याचे सांगून मागे घेतले. त्याच वर्षी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा सात साधनांची परीक्षा घेतली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा परीक्षार्थींनी स्वतः लिहिलेले ९१ इंग्रजी निबंध त्यांनी तपासले. त्यांतील निम्म्याहून अधिक निबंध सरासरीने यंत्राने लिहिलेले ठरवले गेले. कारण परभाषेत लिहिणारा माणूस साधे, ठरावीक शब्द वापरतो आणि ही साधने त्यालाच यंत्राची खूण समजतात.

मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या दृष्टीने हे फार गंभीर आहे. मोडके लिहिले तर "इंग्रजी येत नाही" म्हणून गुण कापायचे, आणि मेहनतीने नीटनेटके लिहिले तर "तू लिहिलेले नाही" म्हणायचे, असे होऊ लागले तर त्या मुलाने करावे काय? केवळ यंत्राच्या अहवालावर कोणाही विद्यार्थ्याला दोषी ठरवू नये, अशी आमची सर्व प्राध्यापक बंधू-भगिनींना विनंती आहे. तोंडी विचारा, वर्गात बसवून एक पान लिहायला सांगा, मग ठरवा.

यातूनच पुढचा मुद्दा येतो. संशय कोणावर येतो? वस्तीतून आलेल्या, आरक्षणाच्या जागेवर प्रवेश मिळालेल्या मुलाने चांगले लिहिले की "हे याला कसे जमले" असा प्रश्न काहींच्या मनात उठतो. तेवढेच चांगले दुसऱ्या मुलाने लिहिले तर त्याची पाठ थोपटली जाते. असे प्राध्यापक सर्वच नसतात, पण असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यावर उपाय एकच. तपासायचे तर सर्वांचे तपासावे, एकाच मापाने तपासावे, आणि शक्य तेथे नाव झाकून तपासावे.

आरोप करणाऱ्याने स्वतःला काय विचारावे, याविषयी विनयपिटकात फार नेमके मार्गदर्शन आहे. दुसऱ्या भिक्खूवर दोष ठेवू इच्छिणाऱ्याने आधी पाच गोष्टी पाहाव्यात असे तेथे सांगितले आहे. आपण योग्य वेळी बोलतो आहोत ना, खरे तेच बोलतो आहोत ना, सौम्यपणे बोलतो आहोत ना, त्याच्या हिताचे बोलतो आहोत ना, आणि मनात द्वेष नसून मैत्री आहे ना. ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या समक्ष प्रकरण मिटवावे, असाही नियम तेथे आहे. आजच्या चौकशी समितीला यापेक्षा वेगळे काही सांगण्याची गरज आहे असे आम्हांस वाटत नाही.

शिक्षेइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व प्रतिबंधाला आहे. दरवर्षी तोच प्रश्न आणि तोच प्रकल्प दिला की झेरॉक्सच्या दुकानात तयार माल मिळणारच. प्रश्न असा असावा की उत्तर पुस्तकात सापडू नये. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला महागाईवर निबंध सांगण्यापेक्षा आपल्या घरच्या तीन महिन्यांच्या किराण्याचा हिशोब मांडायला सांगा. समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला आपल्या वस्तीतील दहा घरांतील शिक्षणाची माहिती गोळा करायला सांगा. ते कोणाला विकत मिळणार नाही, आणि त्यातून तिला शिकायलाही मिळेल.

आणि प्राध्यापकाचे स्वतःचे वर्तन? एका विद्यापीठाच्या, कुमाऊं विद्यापीठाच्या, कुलगुरूंना वाङ्मयचौर्याच्या आरोपावरून २००३ साली पद सोडावे लागले होते. वरच्या माणसाने उतरवायचे आणि खालच्याने प्रामाणिक राहायचे, हे चालत नाही. जो प्राध्यापक आपल्या लेखात विद्यार्थ्याच्या कामाचे श्रेय देतो, वर्गात "हा विचार माझा नाही, अमुक ग्रंथातला आहे" असे सांगतो, त्याला प्रामाणिकपणावर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

संस्थेच्या सभासदांना दोन शब्द. आपला मुलगा पकडला गेला की कार्यकर्त्याला घेऊन प्राचार्यांकडे जायचे, "एवढ्या वेळी सोडा" म्हणायचे, ही पद्धत बंद करा. या शिफारशीत आपल्यापेक्षा मोठे हात नेहमीच पुढे असतात, तेथे आपण कधी जिंकणार नाही. त्याऐवजी लेखी आरोपपत्र मागा, म्हणणे मांडण्याची तारीख मागा, सुनावणीला त्याच्याबरोबर जा, अपिलाची मुदत विचारा. दोषी ठरला तर शिक्षा भोगू द्या, पण त्या वर्षात त्याला एकटे सोडू नका. वर्ष गेलेला मुलगा घरात तोंड लपवून बसतो आणि मग महाविद्यालयाचे दार कायमचे बंद करून घेतो. त्याला रोज अभ्यासिकेत आणून बसवणे हे संस्थेचे काम आहे. शक्य झाल्यास संस्थेने निबंध व प्रकल्प कसा लिहावा याचा आठ दिवसांचा वर्ग दर सुट्टीत घ्यावा. असे वर्ग घेण्यासाठी आमच्यातील अनेक प्राध्यापक आनंदाने येतील.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यावर दडपण आहे हे आम्ही जाणतो. घरी जागा नाही, संध्याकाळी काम आहे, पुस्तके महाग आहेत, आणि शेजारचा कॉपी करून तुमच्यापेक्षा अधिक गुण घेतो आहे. तरीही वेळेत काम झाले नाही तर प्राध्यापकाकडे जा आणि "सर, मुदत हवी आहे", "मॅडम, मला हे समजले नाही" असे सांगा. मुदत मागणाऱ्याला नाही म्हणणारे प्राध्यापक थोडे असतात. अडचण अशी की मुदत मागण्यापेक्षा उतरवणे मुलांना सोपे वाटते. रुग्णालयात, न्यायालयात, पुलाच्या बांधकामावर उद्या तुम्ही उभे राहाल, तेव्हा शेजारच्याची वही तेथे नसेल. आणि तुमच्यावर खोटा आळ आला तर गप्प बसू नका. आपली कच्ची टिपणे जपून ठेवा, तीच तुमची साक्ष आहेत.

प्राध्यापकाकडून सवलत मागू नका, न्याय मागा, आणि न्याय मागायचा तर आपले काम स्वतः करा. प्राध्यापकांनीही एवढे ध्यानात ठेवावे, की त्यांच्या सहीवर एखाद्या घराच्या पहिल्या पदवीची किंमत ठरत असते. ती सही न वाचता करू नये, आणि रागाने रोखूनही धरू नये.